दारावरचं रडकं तोंड

"हसा! पोटातून हसा! अवो बायांनो, तोंडावरचा पदर काढा, फोटोत दात दिसले पायजे!"

शालिग्राम सरपंच भोंग्यावर ओरडत होता आणि चिंचदरा ग्रामपंचायतीसमोर अर्धं गाव हात वर करून हा हा हा करत होतं. मनकर्णाबाई शेवटच्या रांगेत उभी होती. तिनं हात वर केले नव्हते आणि तोंडही उघडलं नव्हतं. तोंड उघडलं तर सकाळचा चहा बाहेर पडेल अशी तिला धास्ती होती. पुढच्या रांगेतले बाप्ये हसायला जबडा फाकवायचे आणि आत सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा लाल चोथा दिसायचा. हसता हसता ठसका लागला की तिथंच पच्चकन थुंकायचे आणि पुन्हा हा हा हा. बाजूला नाली तुंबून काळी झालेली. तिच्यावरच्या माशा हसणाऱ्यांच्या तोंडाभोवती फिरत होत्या.

सुनांची गोष्ट आणखी न्यारी. चिंचदऱ्यात सून सासऱ्यासमोर दात दाखवत नाही. पहिल्या दिवशी साऱ्या सुना पदरात तोंड घालून नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा शालिग्रामनं तोड काढली. सुनांनी पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून हसायचं. आता पटांगणाला भिंत एकच, आणि ती मुतारीची. तेव्हापासून गावच्या लेकीसुना रोज सकाळी मुतारीच्या भिंतीला तोंड देऊन हसत होत्या. फोटो मागून काढायचे. खाली लिहायचं, आनंदात न्हालेल्या भगिनी.

"मनकर्णावयनी, तुमी काहून नाई हसून राह्यल्या?" शालिग्रामनं भोंग्यावरूनच विचारलं. तो तिच्या नवऱ्याचा, दौलतरावांचा, चुलतभाऊ, म्हणून वयनी. "घरी दौलतदासारखा मस्त नवरा हाय, आन तुमाले हसू येत नाई?"

सारं पटांगण खिदळलं. मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, जमिनीवर थुंकली आणि घराकडं वळली.

खरं म्हणजे मूळ गोष्ट वाईट नव्हती. शहरातल्या एका संस्थेनं 'आनंदी गाव' म्हणून स्पर्धा काढली होती. पहिल्या सभेला संस्थेच्या बाई आल्या होत्या, साध्या साडीतल्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी सांगितलं होतं, की मनावरचा ताण साठत गेला की तो अंगात उतरतो. झोप जाते, रक्तदाब चढतो, काळजावर येतं. म्हणून मनाची रोज खबर घ्यायची, म्हणजे दुखणं पडायच्या आधीच माणसाला सावरता येतं. मनकर्णाबाईला ते ऐकताक्षणी पटलं होतं. मिरचीचं झाड मरायच्या कितीतरी आधी पान आकसायला लागतं. आकसलेलं पान बघूनही जो फवारा उचलत नाही, त्याला शेतकरी म्हणत नाहीत.

बाईंनी घरोघरी पत्र्याची एकेक पाटी दिली होती. पाटीवर तीन तोंडं काढलेली. एक हिरवं हसरं, एक पिवळं, ज्याचं तोंड म्हणजे सरळ रेघ, आणि एक लाल रडकं. सोबत कपडे वाळवायचा असतो तसा एक चिमटा. घरातल्या ज्याला जसं वाटेल त्यानं तसा चिमटा सकाळी लावायचा. रडक्या तोंडावर सलग तीन दिवस चिमटा राहिला, की गावची नर्स घरी येणार, बसणार, विचारणार, रक्तदाब मोजणार. पाटी स्वयंपाकघरात लावा, घरच्यांपुरती, असंही बाईंनी बजावलं होतं.

शालिग्रामच्या कानात फक्त 'स्पर्धा' हा एकच शब्द शिरला. त्यानं पटांगणात रोजचं हसणं सुरू केलं आणि साऱ्या पाट्या दाराबाहेर ठोकून घेतल्या. स्वयंपाकघरातल्या पाटीचा फोटो कसा निघणार?

मग व्हायचं तेच झालं. पहिल्या आठवड्यात दोनचार घरांनी भोळेपणानं रडक्या तोंडावर चिमटा लावला. गुरवाच्या दारावर लाल दिसताच पारावर चर्चा, 'सून माहेरी गेली वाटते.' सुताराच्या दारावर दिसताच, 'पोट्ट्याचं कुठंतरी लफडं हाय.' ज्यांच्या घरी लग्नाचं पोर नाहीतर पोरगी, त्यांची तर पाचावर धारण बसली. सोयरे येतात तेव्हा आधी दार बघतात. पंधरा दिवसांत सारं गाव हिरवं झालं. ज्याचं बाळंतीणघर आणि ज्याचं सुतकाचं घर, सारीच हसरी. कोणी विसरलाच तर ग्रामपंचायतीचा शिपाई राजू होताच. तो तळहातावर तंबाखू मळत गल्लीतून जायचा आणि एका बोटानं चिमटे सरकवायचा.

त्या सकाळी मनकर्णाबाई घरी आली आणि उंबऱ्याशीच थबकली. तिच्या दारावरचा चिमटा रडक्या तोंडावर होता.

"निकिता! हे कोणं केलं वं?"

"मी नाई, माय," आतून पोरगी म्हणाली. "मी तं कणीक भिजवून राह्यली."

दौलतराव ओसरीवर बाजेवर बसले होते. डोक्याला ओलं फडकं बांधलेलं. नजर अंगणातल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर. बाजारात न्यायच्या जुड्या, कालपासून तशाच पडून पानं पिवळी पडलेली.

"मी लावला," ते म्हणाले.

"काहून?"

"मले बरं नाई वाटून राह्यलं."

मनकर्णाबाई खालीच बसली. बैलानं पायाचा अंगठा ठेचला तेव्हाही हा माणूस 'बरं हाय' म्हणाला होता. बाप गेला तेव्हा, गारपिटीत सारी वांगी झोडपली तेव्हा, कोणी विचारलं तर 'बरं हाय'. त्याच्या तोंडून हे वाक्य तिनं उभ्या संसारात ऐकलं नव्हतं.

"गुलाबसिंग बी असंच म्हणे," दौलतराव म्हणाले. "बरं हाय, बरं हाय."

गुलाबसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याची मिरची आणि दौलतरावांचा सांबार, दोघं कारंज्याच्या बाजारात शेजारी शेजारी पोतं अंथरून बसायचे. मिसरूड फुटल्यापासून बसत आलेले. गिऱ्हाईक एकाकडं आलं की दुसऱ्याकडं वळायचंच. एक जण उठला तर दुसरा दोन्ही दुकानं सांभाळायचा. भाकरी एकाच फडक्यात. दिवाळीच्या आधी महिनाभर गुलाबसिंग म्हणत होता, डोकं जड हाय, झोप लागत नाई. त्याच्या पोरांचं आपसात फाटलं होतं आणि तो दोघांच्या मध्ये भरडून निघत होता. दौलतराव म्हणाले होते, दवाखान्यात जाऊ. तो म्हणाला, काही नाई, बरं हाय. एका बाजाराच्या दिवशी तो गिऱ्हाइकाला मिरची तोलता तोलता पुढं झुकला तो तसाच मिरच्यांवर पडला. दौलतरावांनी त्याला उचललं तेव्हा गालाला मिरच्या चिकटलेल्या होत्या.

सख्खा भाऊ गेला असता तर दौलतरावांना सुतक लागलं असतं. लोक ओसरीवर येऊन बसले असते, पाठीवर हात फिरवला असता, तेराव्याला जेवले असते. दोस्ताचं सुतक कोण पाळतो? तोही तांड्यावरचा दोस्त. क्रियाकर्म करून आले आणि दौलतराव दोन दिवस जेवले नाहीत, तर पारावर लोक हसले. शालिग्रामच म्हणाला होता, "अबे दौलतदा, थो का तुया सोयरा होता का? का तुयी बायको होती?" त्या हसण्यानंतर दौलतरावांनी गुलाबसिंगचं नाव घेणं सोडलं. तांड्यावर बसायला जाणंही राहिलं. बाजारात ते एकटे बसायचे, शेजारची जागा रिकामी ठेवून. कोणी तिथं पोतं टाकलं की भांडायचे. मग बाजारात जाणंच कमी झालं.

"डोकं दुखते?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"आतून कोणी घण घालून राह्यलं जसं."

"मंग राहू द्या चिमटा. तीन दिवस राहू द्या. थे नर्सबाई येईन."

चिमटा राहिला नाही. दुपारी राजू आला आणि बोटानं चिमटा सरकवून गेला. दुसऱ्या सकाळी दौलतरावांनी पुन्हा रडक्यावर लावला. राजूनं पुन्हा हसऱ्यावर नेला. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं त्याला दारातच पकडलं.

"काय बे राजू, कोणाच्या बापाची पाटी हाय थे?"

"काकू, मले काय, सरपंचानं सांगतलं. एक बी लाल दिसलं नाई पायजे." त्यानं तंबाखू दाताखाली दाबली. "आन सांगू का, तुमच्या घरामुळं पारावर तमाशा होऊन राह्यला. लोक म्हणते, दौलतरावले म्हातारपणी प्रेमभंग झाला."

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. त्याच्या दातांच्या फटींतून लाल रस हनुवटीवर आला आणि त्यानं तो बाहीनं पुसला. मनकर्णाबाईला वाटलं, याच्या तोंडात शेणाचा गोळा कोंबावा.

ती नर्सकडं गेली. सायली नावाची तरुण पोरगी होती, बदली होऊन आलेली, भाड्यानं एका खोलीत राहणारी.

"बाई, आमच्या घरच्यांचं पिरेशर मोजून दे. डोकं फुटून राह्यलं त्यांचं."

"काकू, जुनी मशीन बिघडली," सायली खाली बघत म्हणाली. "नवीन आली, संस्थेनं पाठवली. पण ते ग्रामपंचायतीत कपाटात हाय."

"मंग आन ना."

"सरपंच देत नाईत. स्पर्धेची तपासणी समिती येणार हाय ना, त्या साहेबांच्या हातानं उद्घाटन करायचं हाय मशीनचं. तोवर डबा फोडायचा नाई म्हणतात."

"मशीनचं उद्घाटन?"

"हो."

"आन तोवर माणूस मेला तं?"

सायलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मनकर्णाबाईला त्या पोरीची कीवही आली आणि किळसही. ज्याला ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडं बोट दाखवत होता आणि सारी बोटं फिरून एका कपाटापाशी जात होती, ज्याची चावी शालिग्रामच्या करदोड्याला.

"कारंज्याले चला, सरकारी दवाखान्यात," तिनं नवऱ्याला म्हटलं.

"पोरीचे पाव्हणे येऊ दे. मंग जाऊ," ते म्हणाले. आता निदान 'बरं हाय' म्हणत नव्हते, एवढंच.

पाहुणे म्हणजे निकिताला बघायला येणारे. मंगरूळपीरचं घर, पोरगा स्वप्निल, बियाणांच्या दुकानात कामाला. सोयरीक शालिग्रामनंच आणली होती आणि दिवसही त्यानंच धरला, समितीच्या भेटीचा. पाहुणे येतील तेव्हा गाव सजलेलं दिसेल, समिती येईल तेव्हा घरात पाहुण्यांची वर्दळ दिसेल. एका नारळात दोन देव.

त्या दिवशी सकाळी दौलतराव तोंड धुवायला वाकले आणि नाकातून रक्त आलं. न्हाणीचा दगड लाल झाला. मनकर्णाबाईनं त्यांना आडवं केलं, डोक्यावर पाणी थापलं. रक्त थांबलं. ते उठले, दाराशी गेले आणि चिमटा रडक्या तोंडावर लावून आले.

थोड्या वेळानं शालिग्राम आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, अंगाला अत्तर, आणि अत्तराच्या खाली घामाचा वास. त्यानं दारावर नजर टाकली आणि चिमटाच काढून खिशात घातला.

"वयनी, आज तं राहू द्या. हात जोडतो तुमाले."

"भाऊजी, यांच्या नाकातून रक्त आलं."

"उन्हानं येते."

"थंडीच्या दिवसात ऊन?"

"मंग उष्णता असन पोटातली. कांदा हुंगवा." त्यानं आवाज खाली आणला. "पाहा वयनी, पोरीच्या बापाले रोग हाय, हे समजलं तं मंगरूळवाले उंबऱ्यावरूनच परत जातीन. मंग बसवा निकिताले घरी जुड्या बांधत. अन गावाचं बक्षीस गेलं तं गाव मले नाई, तुमाले शिव्या देईन."

मनकर्णाबाईनं आत पाहिलं. निकिता आरशासमोर बसून केसांत गजरा अडकवत होती. हिरवी साडी, वर केलेला हात, आणि आरशातून तिचे डोळे सरळ आईकडं. त्या डोळ्यांत काय होतं ते मनकर्णाबाईला त्या घाईत वाचता आलं नाही. तिनं मान वळवली.

"पाव्हणे जाऊ द्या," ती म्हणाली. "मंग मी कोणाचंच आयकणार नाई."

शालिग्रामनं खिशातून चिमटा काढला, हसऱ्या तोंडावर लावला आणि जाता जाता त्या तोंडाच्या गालावर टिचकी मारली.

पाहुणे आले. पोराचा बाप, पोराची माय, आत्या, आणि फोनमध्ये मान घातलेला पोरगा. निकितानं पोहे दिले. प्रश्न झाले, उत्तरं झाली. स्वयंपाक येते का, येते. शेतात जाते का, जाते. पोराच्या मायनं निकिताला चालून दाखव म्हटलं आणि मनकर्णाबाईनं दात आवळले. कारंज्याच्या बैलबाजारात बैलालाही असंच चालवून बघतात, पण तिथं निदान बैलाचा मालक भाव तरी करतो.

दौलतराव पाहुण्यांसमोर सतरंजीवर बसले होते. चेहरा तांबारलेला, मानेवरची शीर फुगलेली. पोराच्या बापानं विचारलं, "काय वो पाव्हणे, तब्येत कशी हाय?"

दौलतरावांनी बायकोकडं पाहिलं. मग म्हणाले, "मस्त."

तेवढ्यात ओसरीत बुटांचा आवाज झाला. समिती आली होती. पुढं शालिग्राम, त्याच्यामागं पोट सुटलेले एक साहेब, मग त्या साध्या साडीतल्या बाई, फोटोवाला, आणि गल्लीतली निम्मी माणसं. साहेबांना दारावरच्या पाटीसमोर उभं करून फोटो झाला.

"हे घर पाहा साहेब," शालिग्राम म्हणाला. "आज पोरीचं पाह्यणं हाय. घरभर आनंद. दौलतदा, एक डाव हसून दाखव साहेबाले! जसं सकाळी शिकवलं तसं! पोटातून!"

दौलतराव कधीच त्या पटांगणात गेले नव्हते. त्यांना काही शिकवलेलं नव्हतं. पण दहा माणसं समोर, फोटोवाल्याचा डोळा त्यांच्यावर, व्याही होऊ घातलेला माणूस शेजारी. त्यांनी तोंड उघडलं. हा, हा, हा. तो आवाज माणसाचा नव्हता. कोरड्या विहिरीत बादली आपटल्यासारखा होता. शालिग्राम म्हणाला, "अजून जोरात!" आणि दौलतराव अजून जोरात हसले, आणि हसता हसता नाकातून रक्ताची धार लागली आणि समोरच्या पोह्यांच्या बशीत पडली. पिवळे पोहे लाल होऊ लागले.

पोराच्या मायनं स्वतःची बशी मागं सरकवली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. फोटोवाला फोटोतून पोहे वगळावेत म्हणून दोन पावलं डावीकडं झाला. शालिग्राम म्हणाला, "काही नाई, काही नाई, उष्णता." आणि दौलतराव, तोंडावर रक्त, अजूनही हसतच होते. कोणी थांबा म्हटलं नव्हतं ना.

मनकर्णाबाईनं सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं. एवढी माणसं. शिकलेली, न शिकलेली, इस्त्रीची, बिनइस्त्रीची. आणि एका माणसाच्या नाकातून रक्त वाहताना एकाचाही हात पुढं नाही. नवऱ्याजवळ जाऊन तिनं त्याच्या तोंडावर पदर धरला.

"बस करा हसणं. बस करा आता."

मग ती दाराशी गेली, चिमटा उपटला आणि रडक्या तोंडावर लावला. एवढ्या जोरात लावला की पाटी खिळ्यावर हलली.

"निकिता, बाबाले धर. मान पुढं ठेव, मांगं टाकू नको. मी आली."

ती अनवाणी निघाली, गल्लीतून, पटांगणातून, त्या मुतारीच्या भिंतीपुढून, सरळ ग्रामपंचायतीत. मागून शालिग्राम धापा टाकत येत होता. "वयनी! अवो वयनी!" टेबलावर मशीन मांडलेलं होतं. डब्याला लाल फीत, फितीला फूल, डब्यावर हळदकुंकू, शेजारी नारळ आणि उदबत्ती. सायली नव्या साडीत बाजूला उभी होती. मनकर्णाबाईनं फीत तोडली.

"वयनी, साहेबाच्या हातानं व्हायचं हाय थे!"

"साहेबाले माया घरी नवऱ्याच्या मढ्यावर फोडू दे नारळ," ती म्हणाली. "चाल वं पोरी. का तुले बी फीत कापून पायजे?"

सायली निघाली. हळदकुंकवानं बरबटलेला डबा छातीशी धरून ती मनकर्णाबाईच्या मागं पळाली.

घरी पाहुणे चपला शोधत होते. सायलीनं दौलतरावांच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा एकदा सुटला, तिनं पुन्हा बांधला. मग यंत्र फुगलं, आकडे चढले, आणि तिचा चेहरा उतरला.

"दोनशेच्या वर हाय, काकू. आत्ताच्या आत्ता कारंजा."

"गाडी?" मनकर्णाबाईनं साहेबांकडं पाहिलं. गल्लीत समितीची जीप उभी होती.

"आम्हाला अजून दोन गावं करायची आहेत," साहेब म्हणाले.

"ह्यांना गाडीत घ्या," संस्थेच्या बाई म्हणाल्या. त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. दौलतरावांचा एक हात त्यांनी खांद्यावर घेतला. दारातून जाताना त्यांनी पाटीकडं पाहिलं. "मी पाट्या स्वयंपाकघरात लावायला सांगितल्या होत्या..."

"सांगतलं होतं," मनकर्णाबाई म्हणाली. "मंग पाह्यले काहून नाई आले?"

बाईंनी दौलतरावांना जीपमध्ये चढवलं. जीप निघाली तेव्हा पोराची माय गल्लीत कोणाला तरी सांगत होती, "सांगून तं टाकाचं ना आधी, रोगट घर हाय म्हणून. पेट्रोल वाया गेलं आमचं."

सरकारी दवाखान्यात दौलतरावांना ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, अजून रेटलं असतं तर अर्धं अंग गेलं असतं, आता रोज गोळी घ्यायची आणि पंधरवड्याला मोजायला यायचं. मग त्यानं विचारलं, "कशाचं टेन्शन घेतलं होतं, काका?"

मनकर्णाबाईला वाटलं, आता 'काही नाई' म्हणतील.

"माया दोस्त मेला," दौलतराव म्हणाले.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"रडले का?"

"कोणापाशी रडू? सारे हसून राह्यले होते."

डॉक्टर तरुण होता. त्यानं मान हलवली, पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसला आणि पुढच्या माणसाकडं गेला. तो हसला नाही, एवढ्यावरच मनकर्णाबाईनं त्याला मनातून आशीर्वाद दिला. इतक्या खालच्या थराला गोष्टी आल्या होत्या.

सुट्टी मिळाल्यावर ती दोघं एसटीनं निघाली, पण चिंचदऱ्याच्या आधीच्या फाट्यावर मनकर्णाबाई उठली. "उतरा." तिथून तांड्याची वाट होती. दौलतराव हळूहळू चालत गेले.

गुलाबसिंगची बायको भुरीबाई अंगणात मिरच्या वाळवत बसली होती. तिनं मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा मिरच्यांकडं पाहिलं.

"आता आले का?" ती म्हणाली. "त्या दिवशी त्यायले खांदा देऊन गेले, थे आता आले?"

"हो वयनी."

"मी तुमची वाट पाह्यली. पोरं तं भांडूनच राह्यले. मले वाटलं, तुमी याल, दोन गोठी सांगाल त्यायच्या."

दौलतराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. एक लाल मिरची उचलून हातात धरली आणि त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. भुरीबाईनं पदर डोळ्यांना लावला. मनकर्णाबाई उठून शेजारच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि आता पाहायचं नव्हतं. जे त्याचं होतं ते त्याला राहू द्यावं. फोटो काढायला इथं कोणी नव्हतं, हे बरं होतं.

गावाचं बक्षीस गेलं. गाव मनकर्णाबाईला शिव्या देत होतं, शालिग्राम म्हणाला होता तसंच. पाणी भरायला गेली की नळावरच्या बाया गप्प व्हायच्या आणि ती वळली की बोलायला लागायच्या. मंगरूळच्या घरून नकार आला तेव्हा ती निकिताजवळ बसली, काय बोलावं ते शोधत.

"माय, तू कायले तोंड पाडून बसली?" निकिता म्हणाली. "थो पोट्टा बाबाच्या नाकातून रक्त येऊन राह्यलं तरी मोबाइलच पाहून राह्यला होता. त्याच्या घरी मी मेली असती तं त्यानं माया फोटो काढून टाकला असता."

मनकर्णाबाई हसली. पोटातून हसली, आणि कोणाला दाखवायला नाही.

एके सकाळी राजू आला. हातात पोतं, पोत्यात पत्र्याच्या पाट्यांचा खणखणाट. "काकू, पाटी द्या. सरपंच म्हणते, आता त्याचं काम नाई. स्पर्धा संपली."

मनकर्णाबाई उंबऱ्यावर मेथी निवडत होती. हातात विळा होता. ती उठली नाही.

"स्पर्धा त्याची संपली. पिरेशर आमचं हाय."

"अवो, पण थे ग्रामपंचायतीची वस्तू..."

"घेऊन दाखव."

राजूनं विळ्याकडं पाहिलं, पोतं खांद्यावर टाकलं आणि पुढच्या दाराला गेला. तिथल्या बाईनं हसतमुखानं पाटी काढून दिली. त्या घरची सून मुतारीच्या भिंतीसमोर सगळ्यात मोठ्यानं हसायची. आता ती दाराआडून पाटी जाताना बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्या तिन्ही तोंडांत बसणारं नव्हतं.

"पोरी," मनकर्णाबाईनं तिला हाक दिली. "सायली पंधरवड्याले आमच्या घरी मशीन घेऊन येते. तू बी ये."

सुनेनं सासूकडं पाहिलं आणि आत गेली. येईल की नाही, कोणास ठाऊक. या गावात येण्यापेक्षा न येणंच सोपं.

दौलतराव आतून आले. गोळी घेऊन पाणी पिऊन आले होते, मिशीवर पाणी होतं. त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली, स्वयंपाकघरात नेली आणि चुलीच्या वरच्या भिंतीला, तेलाच्या बुधलीशेजारी टांगली. मग चिमटा उचलून मधल्या, सरळ रेघेच्या तोंडावर लावला.

"आज एवढंच," ते म्हणाले आणि सांबाराच्या जुड्या बांधायला बसले.